तार रुतलेला निंब हिरवा कसा राहतो? खोडातल्या पाण्यामागची जुनी गोष्ट

बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक निंब आहे, त्याला कधीतरी लाइटिंगसाठी बांधलेली तार काढायची राहून गेली आणि ती आता सालीत चांगलीच रुतलीये. मी गल्लीत बोललो तर उत्तर आलं, झाड हिरवंगार आहे ना, मग काय झालं. हिरवं आहे हे खरंय. पण का आहे, ते कळायला साडेतीनशे वर्षं मागे जावं लागतं.

1670 च्या दशकात इटलीत मार्चेल्लो मालपिघीने खोडावरून सालीची गोल पट्टी सोलून काढली. पट्टीच्या वरच्या अंगाला खोड फुगलं. कारण पानांत बनलेलं अन्न सालीतल्या रसवाहिन्यांतून खाली उतरतं आणि ते तिथेच अडलं, पाणी मात्र आतल्या लाकडातल्या जलवाहिन्यांतून वर जातच राहतं. म्हणजे तार सगळीकडून आवळली तर पानं बरेच दिवस टवटवीत दिसतात आणि खाली मुळं उपाशी मरत असतात.

पण पाणी वर चढतं कशाने? 1720 च्या दशकात इंग्लंडच्या स्टीफन हेल्सने कुंडीतलं सूर्यफूल रोज वजन करून पानांतून किती पाणी हवेत जातं ते मोजलं आणि पानंच पाणी ओढतात असं म्हटलं. अडचण अशी की हवेच्या दाबावर चालणारा पंप पाणी फार तर 10 मीटर ओढतो, आणि झाडं तर त्याच्या कितीतरी वर जातात, मग काहींना वाटलं की खोडातल्या जिवंत पेशी पाणी ढकलत असणार. जर्मनीत स्ट्रासबुर्गरने 1891 च्या सुमारास 20 मीटरहून उंच ओक बुंध्यापाशी कापून विषारी द्रावणात उभा केला, वाटेतल्या पेशी मेल्या तरी द्रावण वर चढतच राहिलं! मला या सगळ्या गोष्टीत हाच प्रयोग सगळ्यात जबरदस्त वाटतो.

मग 1894 मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी सांगितलं की पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पानातून थोडं पाणी उडालं की मागची सगळी धार ताणली जाऊन वर खेचली जाते. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी 1923 च्या पुस्तकात जिवंत पेशींच्या स्पंदनाची बाजू मांडली, ती पुढे टिकली नाही, पण झाडाकडे जिवंत म्हणून बघायची त्यांची नजर मला फार मोलाची वाटते. 1965 मध्ये शोलँडर या शास्त्रज्ञाने प्रेशर चेंबरमध्ये, म्हणजे आत दाब वाढवता येणाऱ्या बंद डब्यात, फांद्या घालून पाण्याच्या धारेतला हा ताण मोजला.

आता आधाराचं, म्हणजे एवढी ओढ सोसून झाड उभं कसं राहतं त्याचं. शहाळ्यातला कागदी स्ट्रॉ ओला झाला की ओढताना चेपतो ना, तसं जलवाहिन्यांचं होत नाही कारण त्यांच्या भिंतींत लिग्निन हा लाकडाला कडक करणारा पदार्थ असतो, आणि त्याच कडक भिंती झाडाचं वजनही पेलतात. पाणी नेणारं आणि झाड उभं धरणारं लाकूड एकच. वडाची पारंबी बघा, लोंबते तेव्हा दोरीसारखी, जमिनीत शिरली की आत लाकूड भरत जाऊन खांब होते आणि फांदी तोलून धरते, शिवाय पाणीही वर देते.

निंबाच्या तारेचं म्हणाल तर पक्कड घेऊन जातोय. रुतलेला भाग उपसायचा नाही, साल फाटते, बाहेर दिसेल तिथे तार तोडायची म्हणजे आणखी आवळणार नाही.