गिधाडे कशाने मेली: एका इंजेक्शनचा इतिहास

१९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड भारतात इतके होते की ते संपू शकेल, असे कुणाच्या मनातही येत नव्हते. १९९० च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे माना टाकून बसलेली आणि झाडांखाली मरून पडलेली दिसू लागली. आधी संशय साथीच्या रोगावर गेला, कीटकनाशकांचीही तपासणी झाली. खरे कारण २००३ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून हाती आले: डायक्लोफिनॅक, गुराढोरांच्या सूज-वेदनेवर सर्रास टोचले जाणारे स्वस्त औषध.

औषध दिल्यावर लवकरच जनावर दगावले तर त्याचा अंश यकृतात आणि मूत्रपिंडात उरतो. ते खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्ल बाहेर पडेनासे होते आणि हृदय-यकृतावर पांढरा, खडूच्या भुकटीसारखा थर बसतो. दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. एका मढ्यावर गिधाडांचा थवाच्या थवा तुटून पडतो, त्यामुळे विषारी मढ्यांचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असले, तरी एवढी घट होण्यास ते पुरेसे होते. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची ९९.९ टक्के गिधाडे गेली. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षे लागतात. भरपाई होणार कशी?

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या ३० मिलीच्या बाटल्या बाजारात होत्याच आणि त्याच गोठ्यात पोहोचत राहिल्या. माणसाला एका वेळी ३ मिली पुरते, गायीला त्याच्या कित्येक पट लागते. ही पळवाट बुजवायला २०१५ उजाडले: तेव्हा बाटलीची मर्यादा ३ मिली ठरली.

तोवर डायक्लोफिनॅकची जागा दुसऱ्या वेदनाशामक औषधांनी घेतली होती. ॲसिक्लोफिनॅकचे तर गुराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते! त्यावर आणि किटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकावर बंदी यायला २०२३ साल लागले. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्येच सिद्ध झाले होते, म्हणजे पर्याय हाताशी होता. आमच्या मते खरी चूक क्रमात आहे: औषध आधी बाजारात येते, गिधाडांवरचा परिणाम मागाहून तपासला जातो. तो क्रम उलटा व्हायला हवा, आणि तोपर्यंत वेदनाशामक दिलेले जनावर मेले तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरले पाहिजे.