ब्रेकच्या डिस्कवरचा तांबेरा : पार्श्वभूमी

श्रावणात कानबाईच्या उत्सवासाठी सुरतेहून आलेली गाडी शुक्रवारपासून अंगणात पावसात उभी असते. सोमवारी विसर्जन आटोपून पाहुणे निघतात, पहिला गिअर पडतो आणि मागच्या चाकातून ‘कट्’ असा आवाज येतो. गाडी जागची हलत नाही. कोणीतरी वाकून बघतो. अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून पुढची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी चकती, शेंदरी दिसते आणि निकाल लागतो: “डिस्कले तांबेरा चढना.” अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता आधीच सांगून मोकळा होतो. आवाज मागून आला आहे आणि मागे बहुतेक गाड्यांना ड्रम असतो, म्हणजे आतून ब्रेक लागणारा बंद डबा. भिजल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे लायनर, म्हणजे आतून घासणारं अस्तर, ड्रमला धरलेला असतो. बोल मात्र डिस्कला लागतो, कारण ती दिसते.

तांबेरा हा शब्द गव्हावरच्या रोगाचा. पानावरून बोट फिरवलं की तांबूस भुकटी बोटाला येते. डिस्कवरचा पहिला थरही तसाच. उघडं लोखंड, दमट हवा आणि काही तास एवढं पुरतं. चार-पाच वेळा बेताने ब्रेक दाबला की डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड तो थर खरवडून टाकतात. गंज म्हणजे पुढची अवस्था. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते, ओल पॅडखाली अडकते, लोखंडाला बारीक खड्डे पडतात, कडेला पापुद्रे सुटतात. हे ब्रेक मारून जात नाही. लायनर किंवा पॅड चिकटणं ही तिसरीच गोष्ट, तिला गॅरेजवाला ‘जाम’ म्हणतो. बिलावर मात्र तिन्हींसाठी एकच ओळ येते: ‘डिस्क गंजली, बदलली.’ डिस्कचं दुसरं नाव रोटर, पण हा शब्द फक्त पार्टच्या खोक्यावर. आपल्याकडे कोणी तो उच्चारत नाही, आणि इथेही त्याची गरज नाही.

डिस्क ब्रेकचं पेटंट 1902 सालचं, इंग्लंडमधलं. तेव्हाचे पॅड तांब्याचे होते. ते कर्कश वाजायचे आणि रस्त्यावरच्या धुळीत लवकर झिजायचे, म्हणून पुढची पन्नास वर्षं राज्य ड्रमचंच राहिलं. 1953 मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्कवाल्या जॅग्वारने जिंकली. 1955 मध्ये सित्रोएन डीएस पुढे डिस्क घेऊन बाजारात आली. आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि पद्मिनी कित्येक वर्षं चारही चाकांना ड्रम घेऊन धावल्या. त्या ड्रमच्या आत गंज नव्हता असं कोण म्हणेल? तो झाकलेला होता. मारुतीबरोबर पुढची डिस्क घरोघरी आली, तरी पत्र्याच्या रिमवर प्लास्टिकची टोपी होती. गंज नजरेला पडला तो अलॉयमुळे. त्यात ‘चारही डिस्क’ हे टॉप मॉडेलचं भूषण झालं आणि मागचा गंजही दिसायला लागला.

इथे एक प्रश्न हमखास येतो. मोटरसायकलची डिस्क वर्षभर उघड्यावर राहूनही चकाकते, मग लाखोंची गाडी घेणाऱ्याने शेंदरी चाकं का बघावीत? कंपन्या पैसे वाचवतात, हे उत्तर सोपं आहे आणि थोडं खरंही. पण कारची डिस्क ओतीव लोखंडाची ठेवण्यामागे धातूचा हिशेब आहे. त्या बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे उष्णता झटकन पसरते आणि थरथर जिरते. जुनी डिस्क दोरीला टांगून हातोडीने टिचकी मारून बघा, आवाज दबका येतो. पोलादाचं ताट असतं तर घणघणलं असतं. स्टेनलेस म्हणवायला लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, आणि तशा पोलादातून उष्णता बिडाच्या मानाने निम्म्याच्या आसपास वेगाने वाहते. दीडशे किलोच्या बाइकला ते चालतं. तिची डिस्क चार-पाच मिलिमीटरची आणि वाऱ्यात उघडी असते. कुटुंब आणि डिकीभर सामान घेऊन पालचा घाट उतरणाऱ्या गाडीला चालत नाही. म्हणून तिच्या पुढच्या डिस्कची जाडी 20 मिलिमीटरच्या आसपास असते आणि दोन थरांमध्ये हवेची पोकळी असते.

बाइकचा निर्णयही निर्दोष नव्हता. 1969 मध्ये होंडाची सीबी750 पुढे स्टेनलेस डिस्क घेऊन आली, आणि पुढच्या दशकभर पावसात ब्रेक लागायला क्षणभर उशीर होतो अशी चालवणाऱ्यांची ओरड राहिली. डिस्कला भोकं पाडून आणि पॅडचं मिश्रण बदलून ती कमी करावी लागली. दुचाकीची डिस्क गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून चकाकी जिंकली असं माझं मत आहे. कारच्या बाबतीत तांबेरा पत्करला गेला, आणि तो सौदा मला योग्य वाटतो.

उपाय त्यामुळे कडेकडेने आले. पूर्वी नवी डिस्क तेलाच्या पातळ थरात गुंडाळून यायची आणि तो थर ब्रेक क्लीनरने धुऊन मगच बसवायची. एकदा माझ्या गाडीला ती न पुसता बसवली गेली. पहिल्या गतिरोधकावर पेडल दाबलं आणि गाडी मुकाट पुढे गेली. आता बऱ्याच डिस्क करड्या जस्ताच्या लेपात येतात. घासणाऱ्या भागावरचा लेप दोन दिवसांत जातो, पण मधला उंच भाग म्हणजे टोप, कडा आणि हवेच्या खाचा वाचतात. पावसाळ्याआधी चेसिसला जळकं ऑइल मारायची आपल्याकडची रीत मात्र डिस्कच्या मुळावर येते. फवारा मारणाऱ्याला चाक आणि चेसिस सारखंच. रावेर-यावलकडे आणखी एक गोष्ट: केळीसाठी लागणारं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. फाटक्या गोणीतून पिकअपच्या हौद्यात सांडलेली भुकटी पाण्याबरोबर खाली उतरते आणि लोखंड खाते.

2020 च्या टाळेबंदीने आमच्याकडे एक प्रयोगच करून दाखवला. एप्रिल-मेमध्ये गाड्या हलल्या नाहीत, पण खान्देशच्या त्या कोरड्या फुफाट्यात डिस्क जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत असल्याने ज्या पुढे जुलै-ऑगस्टमध्येही उभ्या राहिल्या, त्या खराब झाल्या. शेजारच्या गाडीचं चाक काढलं तेव्हा शेंदरी चकतीवर पॅडच्या आकाराचा काळपट ठसा होता, कडा अगदी कोरून काढल्यासारख्या. पुढे महिनाभर ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायचं. लेथवर डिस्क फेस करून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून घ्यावी की नवी टाकावी यावर गॅरेजमध्ये दुपार गेली. किमान जाडी डिस्कच्या कडेवरच कोरलेली होती. व्हर्नियर लावून जाडी मोजायची तसदी कोणी घेतली नाही.

विजेच्या गाड्यांनी हा विषय पुन्हा वर काढला आहे. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, पॅड क्वचित टेकतात आणि तांबेरा खरवडणारं कोणी राहत नाही. त्यामुळे फोक्सवॅगनची विजेवरची आयडी.4 मागे ड्रम घेऊन आली. टॉप मॉडेलवाल्यांनी ज्याला गरिबाचा ब्रेक म्हटलं, तोच. युरोपात 2024 मध्ये ठरलेल्या नियमांनी ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीवर प्रथमच मर्यादा आणली: पूर्ण विजेच्या कारला किलोमीटरमागे 3 मिलिग्रॅम, इतर कारना 7. तिथल्या नव्या मॉडेल्सना ती नोव्हेंबर 2026 पासून लागू होते. ती पाळण्याचा एक मार्ग म्हणजे डिस्कवर कठीण कार्बाइडचा थर, जो 2017 पासून काही महागड्या गाड्यांवर आहे. तो गंजत नाही, हा वरचा फायदा. जळगाव एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याला तसल्या डिस्कचा फोटो दाखवला. त्याने विचारलं, “हिच्यावर टूल चालेल का?” चालणार नाही म्हटल्यावर त्याने फोन परत दिला आणि मशीनवरची डिस्क पुढे कापायला घेतली.