एका क्लिकला किती मिलिमीटर?

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट सायकलवर चढताना ऐन वळणावर गिअर अडखळला की सगळ्यांचं बोट चेनकडे जातं, नाहीतर डिरेलरकडे, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या मागच्या यंत्राकडे. पुष्कळदा दोघांचाही काही गुन्हा नसतो. शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची कळ, एका पिढीचा, डिरेलर दुसऱ्या पिढीचा. दोन्ही नवेकोरे, दोन्ही नावाजलेल्या कंपनीचे, आणि तरी दोघांत छत्तीसचा आकडा. साताऱ्यात हल्ली माउंटन बाइकवाले वाढलेत आणि ऑनलाइन सुटे भाग मागवून घरी बसवण्याची हौसही. म्हणून यामागचं गणित एकदा मांडून टाकू. ते पाचवीतल्या गुणाकाराच्या पुढचं नाही.

पूर्वी गिअरचा दांडा अंदाजाने सरकवावा लागे. चेन नीट बसली की नाही, ते कानाने ओळखायचं. १९८४ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने क्लिकवाली पद्धत आणली आणि हा अंदाज यंत्रात गेला. आता शिफ्टर दर क्लिकला केबल ठरावीक अंतरच ओढतो. मागचा डिरेलर त्या अंतराला एका आकड्याने गुणून तेवढा बाजूला सरकतो. आलेला गुणाकार मागच्या दोन शेजारच्या चकत्यांमधल्या अंतराइतका हवा. बस्स.

शिमानोच्या आठ गिअरच्या, म्हणजे मागे आठ चकत्यांच्या, संचात केबल दर क्लिकला सुमारे २.८ मिमी ओढली जाते आणि डिरेलर तिला १.७ ने गुणतो. उत्तर ४.७६, चकत्यांमधलं अंतर ४.८. उरलेला किंचित फरक डिरेलरच्या वरच्या चाकाला मुद्दाम ठेवलेली सैल जागा पचवते. नऊ गिअरला ओढ २.५ मिमी, गुणक तोच. दहा गिअरची माउंटन बाइक आली तेव्हा मात्र गुणकच बदलला: ओढ ३.४ मिमी आणि गुणक १.२.

आता नऊचा शिफ्टर दहाच्या डिरेलरला जोडून बघा. २.५ गुणिले १.२ म्हणजे ३ मिमी, आणि नऊ गिअरच्या चकत्यांत दर क्लिकला जायचंय ४.३५ मिमी. आठ क्लिक संपले तरी चेन २४ मिमीच सरकलेली, गाठायचे होते जवळजवळ ३५. घाटात ज्या मोठ्या चकत्यांची गरज, तिथवर ती पोचतच नाही. उलटी जोडी केली तर चेन एका क्लिकला दीड चकती उडी मारते. स्क्रू फिरवून यातलं काहीही सुटत नाही. फसगत व्हायला जागाही भरपूर आहे: 'आरडी-एम५९१' आणि 'आरडी-एम६१०' हे दोन्ही शिमानोच्या 'डिओरे' नावाचेच डिरेलर, पण पहिला नऊचा, दुसरा दहाचा. खोक्यावरचं नाव नाही, डिरेलरवर कोरलेला नंबर वाचायचा.

गुणक कमी का केला असेल? कासच्या बाजूची तांबडी माती पावसाळ्यात केबलच्या नळीत शिरते. समजा, तिच्यामुळे केबल ०.३ मिमी कमी सरकली. १.७ च्या डिरेलरवर ही चूक अर्धा मिलिमीटर होते, १.२ च्या डिरेलरवर ०.३६. दहा गिअरच्या चकत्या आणखी जवळजवळ असल्याने तेवढी सवलत हवीच होती. माझ्या मते या भागातल्या चालवणाऱ्यांना दोन गिअर जास्त असण्यापेक्षा याचा उपयोग जास्त आहे, आणि दर पावसाळ्यानंतर केबल व नळी बदलणं याहूनही स्वस्त पडतं.

चेनचंही तसंच. दोन पिनांमधलं अंतर सगळ्या चेनमध्ये अर्धा इंचच. बदलते ती बाहेरची जाडी. आठ गिअरची चेन सात मिलिमीटरहून थोडी जाड, बारा गिअरची सव्वापाचच्या आसपास. जाड चेन दाट चकत्यांत शेजारच्या चकतीला घासते. माती आणि तेल मिळून चेन झिजवतात ते वेगळंच. चोवीस कड्या पट्टीवर बरोबर बारा इंच भरायला हव्यात. एक षोडशांश इंच जास्त भरल्या की चेन बदलावी. ती तशीच रेटली, तर कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संचही झिजतो आणि मग नवी चेन तिच्यावर दाते सोडते.

पण मुळात जास्त गिअर हवेत कशाला? पुढे तीन चकत्या असलेल्या जुन्या सायकलवर सर्वांत हलक्या गिअरला पुढे २२ आणि मागे ३४ दाते, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचे ०.६५ फेरे. आजच्या महागड्या बारा गिअरच्या संचात पुढे ३२, मागे ५०, म्हणजे ०.६४. चढाला दोन्ही सारखेच! स्वस्त सायकलवर पुढे २४ आणि मागे १४ ते २८ दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा जोड) असेल, तर १४ ते ३४ चं बसवा. गिअर तेवढेच, पण चढावर पायावरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो.

त्याआधी डिरेलरच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी पाहायच्या. एक, त्याला ३४ ची चकती झेपते का. दुसरी, तो चेनची किती ढील सावरतो; ती दात्यांच्या फरकात मोजतात. पुढे ४२ ते २४ म्हणजे फरक १८, मागे ३४ ते १४ म्हणजे २०, एकूण ३८. क्षमता किमान एवढी हवी. चेनही नव्याने मोजावी लागते: पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून, डिरेलरमधून न ओवता गुंडाळायची आणि जिथे टोकं जुळतील तिथून दोन कड्या जास्त ठेवायच्या. जुनीच आखूड चेन ठेवली आणि चुकून मोठीवर मोठी चढली, तर डिरेलर ताणला जाऊन तो ज्या हँगरवर लटकतो तोच वाकतो किंवा तुटतो.