मानवी पेशींचं मांस आणि ‘खुशीनं दिलं’चा जुना गुंता

कोंबडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तयार केलेलं मांस विकायला सिंगापूरनं डिसेंबर २०२० मध्ये परवानगी दिली, अमेरिकेनं जून २०२३ मध्ये. या मांसामागोमाग एक प्रश्न येतो: पेशी माणसाच्या असतील तर? कुणाचा जीव गेला नाही, ज्याच्या पेशी त्यानं खुशीनं दिल्या, मग हरकत कशाला? परवानगी मिळालेल्यांच्या यादीत माणूस नाही. पण ‘जीव घेतला नाही’ आणि ‘खुशीनं दिलं’ या ज्या दोन पायांवर हा युक्तिवाद उभा आहे, ते दोन्ही मराठवाड्याला नवे नाहीत.

दुष्काळातलं नरमांसभक्षण इथे बाजूला ठेवतो. १६३० च्या सुमारास दौलताबादच्या आसपास पावसानं दगा दिला. मेलेल्यांची हाडं कुटून पिठात मिसळून विकली गेली, माणसं माणसांना खाऊ लागली, असं शहाजहानच्या दरबारी इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. भुकेनं वेड्या झालेल्या माणसाला नीतीचे प्रश्न विचारू नयेत. प्रयोगशाळेतल्या मांसाचा प्रश्न भरल्या पोटाचा आहे.

त्याचं फार जुनं उत्तर विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या पाली ग्रंथात आहे. ते बहुतेक वेळा अर्धंच सांगितलं जातं, म्हणून इथे जरा थांबतो. काशीत एका आजारी भिक्खूनं जुलाबाचं औषध घेतलं होतं, त्याला मांसाचं कढण हवं होतं. एका उपासिकेनं ते पाठवायचं कबूल केलं. त्या दिवशी हत्याबंदी, बाजारात मांस मिळेना. शब्द तर दिलेला. तिनं स्वतःच्या मांडीचं मांस कापलं, कढण करायला दासीच्या हाती दिलं आणि आजारी असल्याचं सांगून पडून राहिली. भिक्खूनं कढण घेतलं. कशाचं आहे, हे विचारलं नाही. बुद्धांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी दोन नियम घातले: माणसाचं मांस खायचं नाही, आणि चौकशी केल्याशिवाय कुठलंच मांस खायचं नाही.

कुणी मेलं नव्हतं. देणारीवर जबरदस्ती नव्हती. कारणही औषधाचं. आजच्या युक्तिवादातल्या सगळ्या अटी पुऱ्या होतात, तरी निकाल ‘नाही’. का, इथे मतं फुटतात. त्याच प्रकरणात पुढे हत्ती-घोड्यांचं मांस वर्ज्य केलं, कारण ती राजाची चिन्हं. कुत्र्याचं, कारण लोकांना किळस येते. वाघ-सिंहांचं, कारण त्या वासानं ते प्राणी भिक्खूंवर चालून येत. माणसाच्या मांसाचं कारण मात्र ‘ते उघडच अमंगळ’ असं गृहीत धरून वाचणारे पुढे जातात. मला ते पटत नाही. पालीतलं वाक्य समोर आहे: श्रद्धा असलेली माणसं असतात, ती स्वतःचं मांससुद्धा देऊन टाकतात. आणि लगेच पुढे निषेध. त्यात विटाळाचा शब्द नाही. माझ्या वाचनात हा नियम खाणाऱ्याच्या शुद्धीसाठी नाहीच, तो देणारीच्या रक्षणासाठी आहे. जिच्या तोंडून ‘नाही’ निघूच शकत नाही, तिच्या ‘हो’वर जेवायचं नाही.

अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात शिबी राजाची गोष्ट रंगवलेली आहे. पारव्याला वाचवायला तो स्वतःचं मांस ससाण्याला देऊ करतो. दानाची थोरवी म्हणून ती सांगतात, आणि ती आहेच. पण देणारा राजा आहे. त्याला नाही म्हणता आलं असतं.

‘जीव घेतला नाही’ हा दुसरा पाय गावगाड्यानं तपासलाय. मेलेल्या ढोराचं मांस हे न मारता मिळालेलंच मांस. ते ज्यांच्या वाट्याला आलं, ज्यांनी त्याच्या चान्या, म्हणजे मांसाच्या पट्ट्या, वाळवून पोट भरलं, त्यांना कुणी अहिंसक म्हटलं नाही. त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडायचं आवाहन झालं, ते माणूस म्हणून मान मिळावा म्हणून. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या भागातही मागाहून घरोघर ते सुटलं. ताटात काय पडतं आणि ते कुणाच्या ताटात पडतं, यावर माणसाची पायरी ठरते, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता प्रयोगशाळा. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये एका कृष्णवर्णीय बाईच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या आजही जगभर वाढवल्या जातात, विकल्या जातात. एका कंपनीशी तिच्या वारसांची तडजोड झाली ती थेट २०२३ मध्ये. २०१३ च्या ऑगस्टमध्ये लंडनला गाईच्या पेशींचा पहिला बर्गर चाखला गेला, खर्च अडीच लाख युरो. त्या पेशी ज्या द्रवावर वाढल्या तो कापलेल्या गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढतात. म्हणजे ‘जीव घेतला नाही’ हेही तेव्हा खरं नव्हतं. यावर बोट ठेवायला काही कलावंतांनी माणसाच्या पेशी, मुदत संपलेल्या मानवी रक्तातल्या द्रवावर वाढवून ताटलीत मांडल्या. २०२० मध्ये ते लंडनच्या एका संग्रहालयात प्रदर्शनात होतं. खाण्यासाठी ते नव्हतंच, पण माणसाच्या मांसाच्या चर्चेला त्यानं जोर आला.

आपल्या कायद्यात याला नेमकी जागा नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं ‘ऊती’ आली: रक्त सोडून, शरीरात विशिष्ट काम करणारा पेशींचा समूह. तिचा व्यापार गुन्हा ठरला. पण कायदा उपचारापुरता बेतलेला. गालाच्या आतून काडीनं खरवडलेल्या, मग भांड्यात वाढलेल्या पेशींना ‘शरीरात काम करणाऱ्या’ म्हणायचं का? त्या ऊतीत बसल्या नाहीत, तर त्या विकत घ्यायला अडवणार कोण?

आणि त्या कुणाच्या घेतल्या जातील? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादमाचा दंड, आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर, आणि कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, अर्धा पडतो. दवाखान्यात त्यांना कुणी धरून नेलं नव्हतं.