रनटाइम टाइप आयडेंटिफिकेशन (आरटीटीआय)

प्रोग्राम चालू असताना ऑब्जेक्ट नेमका कोणत्या क्लासचा आहे, हे ओळखण्याची सी प्लस प्लस भाषेतील सोय. पॉइंटर (ऑब्जेक्टचा पत्ता ठेवणारा चल) ‘आकृती’ या बेस (मूळ) क्लासचा असला, तरी त्या पत्त्यावर ‘वर्तुळ’ बसले आहे की ‘चौकोन’, हे बहुधा प्रोग्राम चालल्यावरच कळते.

यासाठी भाषेत दोन साधने आहेत. ‘टाइपआयडी’ नेमका क्लास सांगते. ‘डायनॅमिक कास्ट’ पॉइंटर हव्या त्या डिराइव्ह्ड (बेसपासून तयार झालेल्या) क्लासचा करून पाहतो; जमले नाही तर नल (रिकामा पत्ता) हाती येतो. रेफरन्स (ऑब्जेक्टचे दुसरे नाव) नल असू शकत नाही, म्हणून तिथे ‘बॅड कास्ट’ हे एक्सेप्शन (त्रुटीची सूचना) फेकले जाते.

नवख्यांना हमखास अडवणारी अट म्हणजे बेस क्लासमध्ये किमान एक व्हर्च्युअल फंक्शन (डिराइव्ह्ड क्लासला आपल्या पद्धतीने बदलता येणारे फंक्शन) हवे. क्लासची माहिती ऑब्जेक्टमध्ये नसते. ऑब्जेक्टकडे असतो तो व्हर्च्युअल टेबलचा (अशा फंक्शनांच्या पत्त्यांच्या यादीचा) पत्ता, आणि सर्वसाधारण कंपायलर त्या टेबलाजवळच ‘टाइप इन्फो’चा, म्हणजे क्लासच्या माहितीचा, पत्ता ठेवतात. व्हर्च्युअल फंक्शन नाही तर टेबल नाही, मग विचारायचे कोणाला? अशा वेळी बेसकडून डिराइव्ह्डकडे जाणारा डायनॅमिक कास्ट कंपाइलच होत नाही. टाइपआयडी मात्र मुकाट्याने पॉइंटरच्या घोषित टाइपचे नाव सांगते: आत वर्तुळ असले तरी ‘आकृती’. हे जास्त धोक्याचे. शिवाय छापलेले नावही वाचण्याजोगे असेलच असे नाही. जीसीसी या कंपायलरमध्ये इंग्रजी सहा अक्षरांचा ‘सर्कल’ क्लास ‘6सर्कल’ असा दिसतो.

भाषेचे जनक बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी ही सोय सुरुवातीला मुद्दाम वगळली होती. सिम्युला भाषेत अशाच सोयीचा गैरवापर होताना त्यांनी पाहिला होता. पण गरज खरी होती, आणि मोठ्या लायब्रऱ्यांनी आपापल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती काढल्या. अखेर 1993 मध्ये प्रमाणीकरण समितीने आरटीटीआय स्वीकारले. 1998 च्या पहिल्या आयएसओ मानकात ते आले.

गैरवापराची भीती खोटी नव्हती. ‘वर्तुळ असेल तर हे, चौकोन असेल तर ते’ अशी इफ-एल्सची माळ लिहिली, की उद्या ‘त्रिकोण’ आल्यावर अशी प्रत्येक माळ शोधत फिरावे लागते. तिथे ‘क्षेत्रफळ’ हे व्हर्च्युअल फंक्शनच बरे. बेस क्लास दुसऱ्याच्या लायब्ररीतला असेल आणि त्यात फंक्शन घालता येत नसेल, तेव्हा डायनॅमिक कास्टला पर्याय नसतो.

एलएलव्हीएम या कंपायलर बनवण्याच्या प्रकल्पात आरटीटीआय सहसा बंदच असते; तिथे टाइप ओळखायला पुन्हा स्वतःचीच घरगुती पद्धत आहे.