प्रोग्रेसिव्ह रॉक

रॉक संगीतातील एक प्रवाह. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो इंग्लंडमध्ये आकाराला आला आणि साधारणतः १९७० ते १९७५ या काळात त्याला बहर आला. रसिकांच्या बोलण्यात त्याचे नाव ‘प्रॉग’. अनेक खंडांत विभागलेल्या दीर्घ रचना, विषम ताल, पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ व लोकसंगीत यांतून घेतलेली सामग्री, कीबोर्डवाद्यांना मिळालेले गिटारच्या तोडीचे स्थान आणि मिथके, विज्ञानकथा वा अध्यात्म यांकडे झुकणारी गीते ही त्याची ढोबळ लक्षणे होत. यांपैकी अनिवार्य लक्षण कोणते, यावर मात्र एकवाक्यता नाही. या प्रवाहातील सर्वश्रेष्ठ रचना कोणती, याविषयी रसिकांत सतत चालणारा वाद हा मुळात व्याख्येचाच वाद आहे.

उगम : आरंभ १९६७ चा मानावा की १९६९ चा, हा सर्वांत जुना मतभेद. १९६७ च्या बाजूचा पुरावा भरपूर आहे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ने सुट्या गाण्यांऐवजी अख्ख्या ध्वनिमुद्रिकेला एक कलाकृती मानण्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी प्रोकोल हॅरम या गटाच्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’मध्ये बाखच्या वळणाचा ऑर्गन लोकप्रिय संगीतात आला. नोव्हेंबरमध्ये मूडी ब्लूज या गटाने ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’मध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस वाद्यवृंदासह मांडला. तथापि या शेवटच्या कृतीत वाद्यवृंदाचे भाग आणि गटाची गाणी बव्हंशी आळीपाळीने येतात. दोन्ही शेजारी नांदतात, पण एकजीव होत नाहीत. त्या मानाने प्रोकोल हॅरमचीच १९६८ मधील ‘इन हेल्ड ट्वाज इन आय’ ही सु. १७ मिनिटांची बहुखंडी रचना पुढच्या वळणाच्या अधिक जवळची आहे, आणि उगमाच्या चर्चेत तिची होणारी उपेक्षा अन्यायकारक वाटते. कीबोर्डवादक कीथ एमर्सनचा ‘द नाइस’ हा गटही याच सुमारास अभिजात रचना रॉकच्या ठेक्यावर वाजवत होता.

‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हे नाव ‘कॅरव्हॅन’ या गटाच्या १९६८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील मजकुरात आढळते. पण त्या सुमारास ते बरेच सैलपणे वापरले जाई. ध्वनिमुद्रिकांकडे गांभीर्याने पाहणारा जवळजवळ कोणताही गट, अगदी ब्लूज वाजवणाराही, त्यात मोडत असे. त्यामुळे नावाच्या तारखेवरून शैलीची तारीख ठरवता येत नाही.

१९६९ च्या बाजूला मुख्य साक्ष एकाच ध्वनिमुद्रिकेची आहे : किंग क्रिम्झन या गटाची ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ (ऑक्टोबर १९६९). पाचच रचनांच्या या ध्वनिमुद्रिकेत आधी विखुरलेली लक्षणे प्रथमच एकत्र नांदतात. एडवर्ड मॅकन या अभ्यासकाने तिच्या प्रभावाला या प्रवाहात फार वरचे स्थान दिले आहे. याउलट पॉल हेगार्टी आणि मार्टिन हॅलिवेल हे प्रवाहाची मुळे मागे जॅझ व लोकसंगीतात आणि त्याचा विस्तार १९७० च्या दशकापलीकडे शोधतात. ही दृष्टी उदार आहे, पण तिच्यामुळे सीमारेषा इतक्या पुसट होतात की नोंदीपुरता तरी मॅकनचा संकुचित अर्थ अधिक उपयोगी ठरतो. पूर्वतयारी १९६७ ची आणि शैली म्हणून उदय १९६९ चा, असे मानणे एकंदरीत सयुक्तिक दिसते.

माध्यम व वाद्ये : दीर्घ रचनांच्या लांबीमागे सौंदर्यदृष्टीइतकाच तबकडीचा हात आहे. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात सु. २० ते २५ मिनिटे मावत. ‘टार्कस’ (एमर्सन, लेक अँड पामर, १९७१), ‘एकोज’ (पिंक फ्लॉइड, १९७१) आणि ‘सपर्स रेडी’ (जेनेसिस, १९७२) या तिन्ही रचना याच मापात बसतात. जेथ्रो टलच्या ‘थिक ॲज अ ब्रिक’ने (१९७२) दोन्ही बाजू एकाच रचनेला दिल्या. मध्यंतरी तबकडी उलटावी लागणे त्यातही चुकले नाही.

मेलोट्रॉन हे या काळाचे खास वाद्य. बर्मिंगहॅम येथे बनणाऱ्या या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे. त्यावर व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंदाचा एक स्वर मुद्रित केलेला असे. पट्टी दाबली की फीत पुढे सरके आणि सु. ८ सेकंदांत संपे. बोट उचलले की स्प्रिंग तिला मागे खेची. म्हणून वादकाला स्वरसमूह ८ सेकंदांच्या आत बदलावाच लागे. त्यातच यंत्रामुळे सुरात किंचित थरथर येई. किंग क्रिम्झनच्या संथ रचनांतले ते धुक्यासारखे वाद्यवृंदी पार्श्वसंगीत या मर्यादेतूनच घडले आहे.

श्रेष्ठ रचनेचा वाद : प्रत्येक प्रचलित कसोटी एखादी मान्यवर रचना बाद करते. लांबी निर्णायक मानली, तर किंग क्रिम्झनची ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ बाहेर जाते, कारण ती जेमतेम सव्वासात मिनिटांची आहे. पण तिच्या मधल्या भागात गिटार, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स एकाच तुटक स्वरवाक्यावर एकदम थांबतात आणि क्षणभर शांततेनंतर एकदम सुरू होतात. या शिस्तीला त्या काळच्या रॉकमध्ये तोड सापडणे कठीण. विषम ताल अनिवार्य मानला, तर ‘एकोज’ बाद होते, कारण ती मुख्यतः चार मात्रांवर चालते. उलट पिंक फ्लॉइडच्याच ‘मनी’चा (१९७३) मुख्य भाग सात मात्रांचा असूनही तिला सहसा कोणी श्रेष्ठ प्रॉग रचना म्हणत नाही. अभिजात संगीतातील उसनवारी ही कसोटी धरली, तर ‘टार्कस’ व त्याच्या जातीच्या रचना पुढे येतात. पण मग जॅझकडे झुकलेले, इंग्लंडमधील कँटरबरी शहराचे गट, विशेषतः सॉफ्ट मशीन, प्रवाहाबाहेर पडतात.

तेव्हा उरते ती रचनेच्या एकसंधतेची कसोटी : आरंभीची सामग्री पुढे रूपांतरित होऊन परतते का, आणि त्या परतीमुळे मधल्या प्रवासाला अर्थ येतो का? या कसोटीवर दोन रचना सर्वांच्या पुढे आहेत. ‘सपर्स रेडी’च्या सात खंडांपैकी सहाव्यात बास आणि ड्रम्स नऊ मात्रांचा ३-२-४ असा ठेका हट्टाने धरून ठेवतात. जेनेसिसचा कीबोर्डवादक टोनी बँक्स याचा ऑर्गन त्या ठेक्याला न जुमानता आपल्याच मात्रांत वाजतो. ही ओढाताण सुटते तेव्हा सुरुवातीच्या खंडांतील चाल भव्य रूपात परत येते. येस या गटाची ‘क्लोज टू द एज’ (१९७२) मात्र याहून घट्ट विणलेली आहे. पाणी आणि पाखरांच्या आवाजांतून गिटारचा जवळजवळ अराजक वाटणारा भाग उसळतो. मग मुख्य चाल प्रस्थापित होते. तिसरा खंड संथ होत होत लंडनमधील एका चर्चच्या पाइप ऑर्गनपाशी पोचतो. चौथ्यात आरंभीच्या चाली नव्या आवेशाने परततात. काही विश्लेषकांनी तिची तुलना सोनाटा या अभिजात रचनाबंधाशी केली आहे. विशेष म्हणजे ही रचना सलग वाजवून मुद्रित झालेली नाही. छोटे छोटे तुकडे बसवून, मुद्रित करून एडी ऑफर्ड या ध्वनितंत्रज्ञाच्या मदतीने फिती जोडल्या गेल्या. इतकी जोडकामे असूनही ती एका श्वासात आल्यासारखी ऐकू येते. प्रस्तुत नोंदीचा कल म्हणूनच तिच्याकडे आहे. व्हॅन डर ग्राफ जनरेटरची ‘अ प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स’ (१९७१) भावनेच्या तीव्रतेत या दोन्हींपेक्षा सरस भरेल, मात्र तिचे खंड सुटे राहतात.

ओहोटी : १९७६-७७ मध्ये पंक संगीताने या प्रवाहाचा अंत केला, हे रूढ मत फारसे टिकत नाही. येसच्या १९७३ मधील ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ या दोन तबकड्यांच्या कृतीवर अतिविस्ताराचे आक्षेप तेव्हाच आले होते. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील शास्त्रांविषयीच्या एका तळटिपेवरून तिची कल्पना सुचली होती. १९७४ मध्ये किंग क्रिम्झन विसर्जित झाला, १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल जेनेसिसमधून बाहेर पडला. म्हणजे आतली ओढ पंकच्या आधीच सैल झाली होती. शिवाय पंकच्या ऐन भरात, १९७७ मध्ये, येसची ‘गोइंग फॉर द वन’ इंग्लंडच्या विक्रीयादीत अग्रस्थानी होती.

अन्यत्र : इटलीत प्रेमिआता फोर्नेरिया मार्कोनी व बांको, फ्रान्समध्ये स्वतःची कल्पित भाषा रचून गाणारा माग्मा, कॅनडात रश (‘२११२’, १९७६) हे उल्लेखनीय गट. १९८० च्या दशकात मेरिलियनने आणि पुढे ड्रीम थिएटरने, हेवी मेटलशी सांगड घालून, हा वारसा चालवला.