नाणी खराब होतात ती डबीतच

मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या कप्प्यांचा अल्बम अनेक संग्राहकांकडे असतो. त्यात काही वर्षं राहिलेलं नाणं काढून भिंगाखाली धरलं, की पुष्कळदा अक्षरांच्या खाचांत आणि कडेच्या आतल्या बाजूला हिरवट, चिकट काहीतरी साचलेलं दिसतं. काडीच्या टोकाला ते तारेसारखं ओढलं जातं, पुसायला गेलं तर पसरतं. याचा दोष बहुतेक जण दमट हवेला देतात. दमटपणा त्यात मदत करतो हे खरं, पण सुरुवात करतो तो कप्पाच.

हे कप्पे पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाचे पाइप त्याचेच बनतात. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात तेलकट रसायनं मिसळतात, बहुधा थॅलेट प्रकारातली. ही रसायनं प्लॅस्टिकच्या रेणूंशी बांधलेली नसतात, नुसती त्यांच्यामध्ये शिरून बसलेली असतात. त्यामुळे ती हळूहळू पाझरून बाहेर येतात आणि नाण्यावर तवंग धरतात. त्यातच उष्णता आणि उजेडामुळे पीव्हीसीचं विघटन होऊ लागलं, की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. दमट हवेत त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, ते तांब्याशी संयोग पावतं आणि हिरवी क्लोराइड संयुगं तयार होतात. चलनातल्या चांदीच्या नाण्यांत कणखरपणासाठी थोडं तांबं मिसळलेलं असतं, म्हणून चांदीवरही हा हिरवा रंग उमटतो.

गोष्ट तवंगापर्यंतच असेल तर उपाय आहे. नाणं शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून ठेवायचं, ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा एकदा खंगाळायचं आणि न पुसता वाळू द्यायचं. अ‍ॅसिटोन तेलकट थर विरघळवतं, धातूला हात लावत नाही. मात्र ते झटकन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. नखांचा रंग काढायच्या द्रावणात सुगंध आणि तेलं असतात, ते इथे चालत नाही. आम्लानं धातू खायला सुरुवात केली असेल, तर तवंग निघाल्यावर खाली बारीक खड्डे दिसतात. ते भरून येत नाहीत.

आपल्याकडचं प्लॅस्टिक पीव्हीसी आहे का, हे ओळखण्याची एक जुनी रीत आहे. ती बाइलश्टाइन या रसायनशास्त्रज्ञानं १८७२ मध्ये सुचवली. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवायची, प्लॅस्टिकच्या तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत क्षणभर हिरवी झाली तर त्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन आहे. हा प्रयोग मोकळ्या हवेत, बोटभर तुकड्यावर आणि संग्रहापासून दूर करावा, कारण निघणारा धूर विषारी असतो. एवढा खटाटोप नको असेल, तर हातानंही अंदाज येतो. लुळं पडणारं, बोटाला चिकटल्यासारखं वाटणारं, नवं असताना उग्र वास येणारं प्लॅस्टिक संशयास्पद समजावं. चुरगळताना कुरकुरणारं, मायलर नावानं ओळखलं जाणारं पॉलिएस्टर निर्धोक असतं. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन, अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिस्टायरीनही चालतात. कडक, गोल कॅप्सूल बहुतेक अ‍ॅक्रिलिकची किंवा पॉलिस्टायरीनची असते. माझ्या मते संग्रहातल्या चांगल्या नाण्यांसाठी तिला तोड नाही, कारण नाणं त्यात कडेवर टेकतं आणि त्याचे दोन्ही चेहरे मोकळे राहतात. मात्र पॉलिस्टायरीन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, तेव्हा अ‍ॅसिटोनमधून काढलेलं नाणं पूर्ण वाळल्याशिवाय कॅप्सूलमध्ये घालू नये.

डबीच नुकसान करते, हे संग्रहालयांनाही सोसून शिकावं लागलं. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यासाठी एक चाचणी मांडली. प्रदर्शनाच्या कपाटात वापरायचं लाकूड, कापड, गोंद किंवा रंग, जे काही असेल त्याचा छोटा नमुना काचेच्या बंद नळीत ठेवतात. सोबत थोडं पाणी आणि घासून चकचकीत केलेले चांदी, शिसं व तांबं यांचे पत्रे. नळी ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायची आणि मग पत्रे बाहेर काढून बघायचे. चांदी काळवंडली तर नमुन्यातून गंधकयुक्त वायू निघतो आहे. शिशावर पांढरी भुकटी आली तर सेंद्रिय आम्लांची वाफ आहे. तांब्यावर क्लोराइडसकट इतर अनेक वायूंची खूण उमटते. दुसऱ्या नळीत नमुन्याशिवाय तसेच पत्रे असतात, तुलनेसाठी. कपाटात वर्षानुवर्षं मंदपणे घडणारी गोष्ट महिन्याभरात डोळ्यांपुढे आणणारी ही चाचणी आजही जगभरच्या संग्रहालयांत वापरली जाते, आणि तिच्या साधेपणाचं मला फार कौतुक वाटतं.

या चाचणीत लाकडाचं वागणं मोठं उद्बोधक ठरतं. ओक दिसायला भारदस्त, पण त्यातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सतत सुटते. अशा कपाटात शिशाचं नाणं किंवा पदक ठेवलं, तर त्याचं पांढऱ्या भुकटीत रूपांतर होऊ शकतं. नाण्यांची जुनी कपाटं महोगनीची करत असत, कारण ते लाकूड त्या मानानं सौम्य आहे. भुसा आणि राळ दाबून केलेले फळे आणखी वाईट. राळेतून फॉर्मल्डिहाइड निघतं आणि पुढे त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. लाकडापेक्षा भट्टीत भाजलेल्या रंगाचं पोलादी कपाट केव्हाही बरं.

चांदीची गोष्ट थोडी निराळी आहे. हवेतला ऑक्सिजन तिला सहसा काही करत नाही, पण गंधक तिला अजिबात सोसत नाही. हवेच्या एक अब्ज भागांत हायड्रोजन सल्फाइडचे मोजके भाग असले, तरी पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागतो. हा थर अतिशय पातळ असताना प्रकाश त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूंवरून परततो, दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही रंग खोडले जातात. म्हणून नाणं आधी पिवळसर, मग तांबूस-जांभळं, मग निळं दिसतं. थर पुरेसा जाड झाला की काळं.

हा गंधक बहुतेक वेळा आपणच नाण्याच्या शेजारी आणून ठेवलेला असतो. लोकर, बुरणूस आणि कातडं यांत तो असतो. तपकिरी क्राफ्ट कागदाच्या लगद्यावर सोडियम सल्फाइडची प्रक्रिया झालेली असते, त्याचा अंश मागे राहू शकतो. रबर तर गंधकाबरोबर तापवूनच पक्कं केलेलं असतं. नाण्याच्या पुडीला रबरबँड गुंडाळून ठेवला, तर रबर ज्या रेषेत होतं नेमक्या त्याच रेषेत चांदीवर काळा पट्टा उमटतो, मध्ये कागद असला तरीही. मखमलीनं मढवलेल्या देखण्या पेट्यांबद्दलही मी साशंक असतो. कापड, त्याचा रंग आणि खालचा गोंद यांतलं काय निर्धोक आहे, हे विकत घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

आता पाणी. हवा थंड झाली की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता घटते. ३० अंशांची, ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची एक घनमीटर हवा घेतली, तर तिच्यात सुमारे १८ ग्रॅम बाष्प असतं. २० अंशांना तेवढ्याच हवेत जेमतेम १७ ग्रॅम मावतं. म्हणजे दिवसा ‘कोरडी’ वाटलेली हीच हवा रात्री थंड धातूवर दव सोडू शकते. म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट, तळघर आणि माळा टाळावेत. आगरोधक तिजोरीबाबत तर विशेष जपावं. तिच्या भिंतींतल्या भरावात पाणी मुद्दाम बांधून ठेवलेलं असतं, म्हणजे आगीत त्याची वाफ होऊन आत थंडावा राहील. पण ते पाणी एरवीही थोडं थोडं आत झिरपतं. कागदपत्रांना ते चालून जातं, तांब्याच्या नाण्यांना नाही.

हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत असावी. डबा हवाबंद नसेल तर जेल खोलीतलंच बाष्प शोषत बसतं आणि लवकरच निकामी होतं. तेव्हा ते १२० अंशांच्या आसपास काही तास तापवून पुन्हा कोरडं करून घ्यावं. स्वस्त आर्द्रतामापक बिनदिक्कत चुकीचे आकडे दाखवतात. ते पडताळण्यासाठी बाटलीच्या बुचात मीठ घ्यावं, ते जेमतेम ओलं होईल एवढं पाणी घालावं आणि मापकाबरोबर घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवावं. २५ अंशांना अशा पिशवीतली आर्द्रता ७५ टक्के असते. मापक ७० दाखवत असेल, तर त्याच्या आकड्यात ५ मिळवून वाचायचं. हे अर्थातच नाण्यांपासून दूर करायचं, मिठातही क्लोराइडच आहे.

क्लोराइडची सगळ्यात वाईट करामत उत्खननात सापडलेल्या नाण्यांवर दिसते. खारट मातीत शेकडो वर्षं पडलेल्या ब्राँझच्या नाण्यात, गंजाच्या थराखाली, क्युप्रस क्लोराइड दडून बसतं. बाष्प आणि ऑक्सिजन पोचले की त्यापासून फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी तयार होते, सोबत आम्ल सुटतं, आणि ते नव्या धातूवर तुटून पडतं. याला ब्राँझचा रोग म्हणतात. नाण्यावरचा जुना, गुळगुळीत, घट्ट हिरवा थर म्हणजे हा रोग नव्हे, तो बहुधा स्थिर असतो आणि तसाच ठेवावा. टोकदार काडी लावताच भुकटी सुटली, तर मात्र नाणं लगेच वेगळं करून कोरड्या डब्यात हलवावं. ४२ टक्क्यांखाली ही क्रिया जवळपास थांबते.

राहता राहिला आपला हात. घामात मीठ असतं, लॅक्टिक आम्ल असतं, त्वचेचं तेल असतं. तांब्याच्या नव्या नाण्यावर उमटलेला अंगठा काही दिवसांनी तपकिरी ठसा होऊन कायमचा राहतो. नाणं कडेनं धरावं, खाली मऊ कापड असावं. हातमोजे घालायचे तर पावडर नसलेले नायट्राइलचे. लॅटेक्समध्ये पुन्हा गंधक आलाच.

घासण्यापासून तर दूरच राहावं. नव्या नाण्याची चकाकी गुळगुळीतपणातून येत नाही. टाकसाळीत ठसा दाबला जाताना धातू मधून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा सोडतो. नाणं दिव्याखाली फिरवलं की प्रकाशाचे पट्टे गरगर फिरतात, ते या रेषांमुळे. पॉलिश, दंतमंजन, चिंच, लिंबू, यांतलं काहीही लावलं की आधी जातात त्या याच. चांदी क्षणात पांढरी करणारी द्रावणंही काळ्या थराबरोबर त्यात गेलेला धातू काढून नेतात. धूळ असेल तर रबरी फुग्याच्या झोतानं उडवावी, तेलकटपणा असेल तर अ‍ॅसिटोन वापरावं, आणि त्यापलीकडचं काही दिसलं तर नाणं धातुसंवर्धकाकडे न्यावं.